उरलेला स्क्रू

सभेला जाण्यासाठी शर्ट बदलताना पोस्टमास्तरांच्या खिशातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. त्यांनी पालथं पडून ते बाहेर काढलं. स्क्रू होता. चांगला जाडजूड, बोटाच्या पेराएवढा. पोस्टमास्तर तसेच फरशीवर बसून राहिले. सकाळीच त्यांनी इमारतीच्या सभागृहातला पंखा दुरुस्त केला होता, आणि दुरुस्तीनंतर खिशात स्क्रू उरणं ही काही चांगली बातमी नसते.

इमारतीत ‘टाकू नका मंडळ’ होतं. मोडलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, दर रविवारी सभागृहाशेजारच्या खोलीत आणायची आणि ज्याला जे येतं त्यानं ते नीट करून द्यायचं. कुणी उसवलेलं शिवायचं, कुणी सायकलचं पंक्चर काढायचं. पोस्टमास्तरांना काहीच येत नव्हतं, पण उत्साह दांडगा, म्हणून विजेच्या वस्तू त्यांच्या वाट्याला आल्या. त्या सकाळी त्यांनी आधी मंडळाच्या जुन्या घडीच्या शिडीची कुरकुर घालवली, मग तिच्यावर चढून पंख्याची. पंखा फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच थांबायला हवं होतं, पण यश पचवणं सोपं नसतं.

ते घरी येऊन सासूबाईंसमोर मिरवू लागले. सासूबाईंचा रेडिओ कित्येक महिने त्यांच्याकडे दुरुस्तीला होता, म्हणजे बुटांच्या खोक्यात सुटा पडला होता. त्या म्हणाल्या, “पंखा फिरला हे ठीक. आता त्याच्याखाली बसणार कोण?”

“एवढा अविश्वास असेल तर तुम्हीच बसून दाखवा ना, आई,” पोस्टमास्तर म्हणाले. दार उघडं होतं. जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं.

“बसते,” सासूबाई म्हणाल्या.

आता हातात स्क्रू धरून पोस्टमास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, “अगं, आई कुठं आहेत?”

“केव्हाच गेली खाली,” बायको म्हणाली. “मधली खुर्ची मिळायला हवी म्हणत होती. का हो, चेहरा का असा पडलाय?”

पोस्टमास्तर स्क्रू खिशात टाकून जिना उतरू लागले. सकाळी जावई म्हणतो बसून दाखवा, संध्याकाळी पंखा डोक्यात पडतो. याला अपघात कोण म्हणणार? अख्खा जिना साक्षीला. पण खरं सांगायचं तर लोक काय म्हणतील ही भीती दुसऱ्या नंबरची होती. त्यांना सासूबाईंचे पिंजलेले पांढरे केस दिसत होते, मधला सरळ भांग दिसत होता आणि त्याच्या बरोबर वर गरगरणारी तीन पाती. रोज भांडायला घरात माणूस लागतं, हे त्यांना त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं.

सभागृह भरलेलं. पंखा जोरात. सासूबाई बरोबर त्याच्याखाली, मांडीवर पिशवी घेऊन ऐसपैस बसलेल्या. समोर टेबलाशी मंडळाच्या अध्यक्ष, दातांच्या डॉक्टरीणबाई. मंडळाची खोली काढून घेऊन तिथं स्कूटर लावायच्या, असा वकीलसाहेबांचा प्रस्ताव आज मतदानाला होता. म्हणजे स्क्रूचा उच्चार करणं म्हणजे वकिलांच्या हातात आयतं कोलीत देणं. पोस्टमास्तरांनी गुपचूप बटण बंद केलं.

“पंखा कुणी बंद केला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मी. आपणच वीज वाचवली नाही तर कुणी वाचवायची?”

दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. वकील मात्र पेन उघडून म्हणाले, “म्हणजे पंखा दुरुस्त झालेला नाही. लिहून घेतो.”

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी पंखा पुन्हा होता तेवढ्या वेगात सोडला. “झालाय दुरुस्त. घ्या सगळ्यांनी वारा.”

पंखा किंचित डुलला. सगळेच पंखे डुलतात, पण ज्याच्या खिशात स्क्रू आहे त्यालाच ते दिसतं. पोस्टमास्तर रांगेतून वाट काढत सासूबाईंजवळ पोचले.

“आई, तिकडे कोपऱ्यात चला. छान हवा आहे.”

“हवा पंख्याखाली असते, जावईबापू.”

“सर्दी होईल तुम्हाला.”

“घाम तुम्हाला आलाय. तुम्हीच बसा.”

पोस्टमास्तर बसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात सासूबाईंच्या डोक्यावर छपरासारखे धरले आणि डोळे मिटून उभे राहिले. मागं खसखस पिकली. “हे काय चाललंय?” सासूबाईंनी विचारलं. “काही नाही, चालू द्या सभा,” पोस्टमास्तर म्हणाले. तेवढ्यात कुठंतरी ‘कट्’ असा आवाज झाला. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं होतं, पण ते नंतर कळलं. पोस्टमास्तरांनी सासूबाईंना खुर्चीसकट खरखरत भिंतीपर्यंत ओढत नेलं.

“बंद करा पंखा,” ते ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. “स्क्रू उरलाय. माझ्या खिशात. आईंना काही झालं असतं म्हणजे?”

वकिलांनी पेन पुन्हा उघडलं. डॉक्टरीणबाईंनी पंखा बंद करून कपाळाला हात लावला आणि शिडी मागवली. “चढा आणि लावा तो जागेवर.”

पोस्टमास्तर चढू लागले. “थांबा, मी धरते,” म्हणत सासूबाईंनी खालून शिडी घट्ट पकडली. वर पोचून पोस्टमास्तरांनी पंख्याचं एकेक भोक चाचपलं. एकही रिकामं नव्हतं. पुन्हा चाचपलं.

“पंख्याचे सगळे स्क्रू जागेवर आहेत,” ते म्हणाले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

“मग खिशातला कुठला?” वकिलांनी विचारलं.

जो तो मनातल्या मनात घरातल्या वस्तू आठवू लागला. अर्ध्या सभागृहाच्या घरात पोस्टमास्तरांचा हात फिरलेली काही ना काही वस्तू होती. वकिलांची इस्त्रीच सकाळी दुरुस्त होऊन घरी गेली होती. ते हळूच पेन खिशात ठेवू लागले.

“जावईबापू,” सासूबाई खालून शांतपणे म्हणाल्या, “हलू नका.”

“का?”

“शिडीच्या बिजागरीत एक भोक रिकामं आहे.”

सकाळी याच शिडीवर आपण गाणं गुणगुणत उभे होतो, हे आठवून पोस्टमास्तरांना घेरी आली. “आई, सोडू नका हं.”

“नाही सोडत.” सासूबाईंना काही घाई नव्हती. “माझा रेडिओ.”

“आजच देतो.”

“सुटाच द्या. मी जोडीन. आणि यापुढं मंडळात स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“ऐकलंत ना, डॉक्टरीणबाई? मंडळ राहू दे, जावईबापूंची दुरुस्ती नको. घ्या मत.”

वकिलांसकट सगळ्यांचे हात वर गेले. पोस्टमास्तरांचा तेवढा नाही गेला, कारण त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. मग त्यांनी एक हात कसाबसा सोडवून स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर खाली दिला. सासूबाईंनी खांद्यानं शिडी रेटून धरत स्क्रू पिळला आणि म्हणाल्या, “या आता.”

पुढच्या रविवारी सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर रेडिओ जोडायला घेतला. पोस्टमास्तर शेजारी बसून मागतील ते हातात देत होते. अखेर रेडिओ खरखरला आणि हवामानाच्या बातम्या देऊ लागला. दोघांनाही मनापासून आनंद झाला. मग दोघांची नजर एकदमच बुटांच्या खोक्याच्या तळाशी गेली. तिथं एक बारीकसा स्क्रू पडला होता.

सासूबाईंनी तो उचलून आपल्या चष्म्याच्या डबीत टाकला आणि डबी मिटली. “मंडळात बोलायचं नाही. रेडिओच तर आहे, डोक्यात थोडाच पडतोय?” त्यांनी रेडिओ नेऊन आपल्या उशाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि त्या तोंड धुवायला गेल्या.

पोस्टमास्तरांनी हळूच तो फळीवरून उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला.