बाजू ब, गाणं तिसरं

कपाट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकलं तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि कपाटाच्या मालकिणीचं लग्न पावणेबाराला होतं. मालकीणबाई कपाटाच्या वरच्या बाजूला होत्या. लग्न खालच्या बाजूला होतं, सहा किलोमीटरवर, नोंदणी कार्यालयात.

बाई औषधांच्या दुकानात कामाला होत्या. वय सत्तेचाळीस, लग्न पहिलंच. सामान नऊला येणार, बाई नव्या घराचं दार उघडून देणार, कपाट जागेवर लावून घेणार आणि मग सावकाश निघणार, असं ठरलं होतं. सामान दहाला आलं. पावणेबाराची वेळ हुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळणार होती. सत्तेचाळीस वर्षं थांबलेल्या बाईला आणखी दोन महिन्यांनी काय होतंय, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने स्वतः थांबून बघावं.

कपाटाच्या वरच्या टोकाला दाजी होते आणि खालच्या टोकाला त्यांचा मेहुणा, बारक्या. दाजी काटकुळे आहेत. बारक्याचं वजन शंभराच्या पुढे आहे. नाव पडलं तेव्हा कुणाला कल्पना नव्हती. दोघं मिळून अकरा वर्षं लोकांचं सामान हलवतात आणि अकरा वर्षं एकाच विषयावर भांडतात. दाजी ‘ग्रॅनाइट हार्बर’चे आणि बारक्या ‘कॉपर कॉमेट’चा.

हे दोन रॉक बँड आहेत. दोन्ही चाळीस वर्षं जुने. दोन्हींच्या गायकांचे केस एके काळी कमरेपर्यंत होते आणि आता डोक्यावरही धड नाहीत. दोघंही भलीमोठी स्टेडियमं भरतात, दोघांच्या कार्यक्रमात धूर सोडतात आणि दोघांच्याही निम्म्या गाण्यांत कुणीतरी गाडी काढून शहर सोडून जातं. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला दोन्ही सारखेच वाटतील. पण त्याने ते या दोघांसमोर बोलून दाखवू नये.

त्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली की दोन्ही बँड येणार, एकाच शनिवारी, दोन वेगळ्या स्टेडियमांत. ट्रक त्या वेळी पेट्रोल पंपावर उभा होता. तो तिथे पाऊण तास उभा राहिला.

“हार्बरचा तो अकरा मिनिटांचा गिटारचा सोलो ऐक,” दाजी म्हणाले. “अंगावर काटा येतो.”

“पहिल्या मिनिटाला येतो. उरलेली दहा मिनिटं तो काटा जायची वाट बघायची,” बारक्या म्हणाला.

“कॉमेटनं गायक बदलला. ज्यांनी आपला माणूस टिकवला नाही, त्यांचं काय कौतुक?”

“हार्बरवाले एकमेकांशी बोलत नाहीत. स्टेजवर वेगवेगळ्या दारांनी येतात!”

“येतात ना? मग झालं तर!”

मागच्या गाडीवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवल्यावर ट्रक हलला. भांडण ट्रकमध्येच बसून पुढे आलं.

आता जड सामान जिन्याने न्यायचं तर दोघांनी एकाच क्षणी उचलावं लागतं. बाकीचे हमाल ‘हय्या’ म्हणतात. दाजी गाणं म्हणतात. त्याला शब्द नाहीत. “ढम्, ढम्, ढम्... ढँग!” एवढंच. ढँगला उचलायचं आणि एक पायरी चढायची. दाजींची आणि सुराची कधी गाठ पडलेली नाही, त्यामुळे मूळ गाणं कुठलं हे ते रचणाऱ्यालाही ओळखता आलं नसतं. पण दाजी छातीठोकपणे सांगत की ते हार्बरचं आहे, आणि पुरावा ट्रकमध्ये होता. लग्नाआधी दाजींना त्यांच्या होणाऱ्या बायकोने एक कॅसेट भरून दिली होती. तिच्यावर तिच्या हातचं लेबल होतं, ‘ग्रॅनाइट हार्बर. फक्त तुमच्यासाठी.’ ट्रकमधला टेप बारक्या धंद्यात यायच्या आधीच मेला होता, पण कॅसेट समोरच्या कप्प्यात जपून ठेवलेली होती. तिच्यापायी दाजींनी ट्रकच्या पाठीवर हार्बरच्या चिन्हातला जहाजाचा नांगर रंगवून घेतला होता. दर दोन वर्षांनी ते त्याला नवा रंग देत.

अकरा वर्षं बारक्या मुकाट्याने त्या ढँगवर उचलत आला. आज दुसऱ्या मजल्यावर त्याचं डोकं फिरलं.

“बास. हार्बरच्या गाण्यावर मी आता एक पायरी चढणार नाही,” तो म्हणाला आणि त्याने कॉमेटचं एक गाणं सुरू केलं. ते जलद होतं. त्यात ढँग तिसऱ्या ठोक्याला येत होता. बारक्याने तिसऱ्याला उचललं, दाजींनी चौथ्याला. कपाटाने आधी याचं ऐकलं, मग त्याचं ऐकलं, आणि वळणावर कठड्यात एक पाय घालून आणि छताला डोकं टेकवून ते कायमचं उभं राहिलं. तीन दारांचं, अस्सल सागवानी, बाईंच्या आईचं कपाट होतं. त्याच्या कडेने मांजरसुद्धा गेलं नसतं.

“एक-दोन-तीन म्हणा आणि उचला ना!” बाई वरून म्हणाल्या.

ही सूचना चांगली होती. पण या दोघांनी जन्मात कधी आकड्यांवर उचललं नव्हतं. दाजींनी ‘तीन’ला उचललं. बारक्याने ‘तीन’ म्हणून झाल्यावर उचललं. कपाट आणखी दोन बोटं आत रुतलं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. होणारे नवरे होते. बाईंच्या हातात घराच्या किल्ल्या, पर्स आणि कपाटाचा सुटलेला कप्पा होता, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“निघालीस का?”

“नाही. कपाट अडकलंय जिन्यात. हे लोक उचलेनात. त्यांचं कुठल्याशा दोन बँडवरून वाजलंय, कॉमेट आणि हार्बर.”

 मग नवरेमंडळी म्हणाली, “कॉमेट? अगं, मी वीस वर्षं कॉमेट ऐकतोय! तुला आवडतो कॉमेट?”

बाईंनी तोवर दोन्ही नावं आयुष्यात ऐकली नव्हती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. “फार,” त्या म्हणाल्या.

“ऐका!” कपाटाखालून बारक्या ओरडला. “शिकली-सवरलेली माणसं कुणाच्या बाजूनं आहेत ऐका, दाजी!”

“अहो, मला लग्नाला जायचंय!” बाई म्हणाल्या. दाजींनी मागे वळून पाहिलं. नवे कपडे घातलेल्या बाई पायरीवर बसल्या होत्या आणि मांडीवरचा रिकामा कप्पा घट्ट धरून होत्या. दाजींना फार वाईट वाटलं. बारक्यालाही वाटलं. पण वाईट वाटून कपाट हलत नाही.

बाईंनी सामान हलवायचं सांगायला ज्या नंबरवर फोन केला होता तोच पुन्हा लावला. तो दाजींच्या बायकोचा, म्हणजे बारक्याच्या थोरल्या बहिणीचा होता. धंद्याचा फोन तीच घेत असे. अकरा वाजून पाच मिनिटांनी ताई स्कूटरवरून आली, जिना चढली आणि कपाटाच्या खालच्या बाजूला भावाशेजारी उभी राहिली.

“अहो!” तिने कपाटाला उद्देशून हाक मारली.

“बोल,” कपाट दाजींच्या आवाजात म्हणालं. “तुझ्या भावाला सांग. रोजच्या गाण्यावर उचलायला काय जातंय त्याचं?”

“ताई, तत्त्वाचा प्रश्न आहे,” बारक्या म्हणाला.

ताईने त्याचा कान धरून खाली ओढला आणि त्यात सांगितलं, “तत्त्व गेलं खड्ड्यात. ते गाणं कॉमेटचंच आहे.”

“कुठलं?”

“हेच. रोजचं. मैत्रिणीकडनं दोन कॅसेटी आणल्या होत्या, भरताना गल्लत झाली. लेबल भलतंच लागलं. मला लग्नानंतर रेडिओवर ऐकून कळलं. तोवर यांनी नांगर रंगवून घेतला होता. कुठल्या तोंडानं सांगणार?”

बारक्याने डोळे मिटले. ढम्, ढम्, ढम्, ढँग. त्याने त्यातून दाजींचा आवाज वजा केला आणि सूर मिळवला. त्याचा चेहरा उतरला. “दुसरा अल्बम,” तो पुटपुटला. “बाजू ब, गाणं तिसरं.” स्वतःला कॉमेटचा पहिल्या नंबरचा भक्त म्हणवणाऱ्या माणसाने अकरा वर्षं त्याच गाण्यावर फ्रीज उचलले होते आणि त्याला ओळखता आलं नव्हतं.

“यांना कळता कामा नये,” ताई म्हणाली. “आणि कळलं तर मी तुझी बहीण नाही.”

“माझीच लाज आहे, मी कशाला बोलू?” असं म्हणून बारक्याने तळव्यांवर थुंकी लावली, कपाटाला खांदा दिला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं गायला लागला, “ढम्! ढम्! ढम्!”

“आलास ना ताळ्यावर!” दाजी वरून आनंदाने ओरडले. हार्बरचा विजय झाला होता. कॉमेटचाही झाला होता. दोघांनी मिळून जो ढँग घेतला त्याने कठड्यातला पाय सुटला, छताचा थोडा चुना पडला आणि कपाट लोण्यासारखं वळलं. बाई किल्ल्या आणि कप्पा दाजींकडे देऊन कपाटाच्या कडेने निसटल्या. ताईने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

बारा वाजता दाजी आणि बारक्या कपाट लावून, किल्ली शेजारी देऊन ट्रकमध्ये येऊन बसले. दाजी खुशीत होते.  दाजींचा फोन वाजला आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“मी बोलतेय, कपाटवाली,” बाई कुजबुजत म्हणाल्या. “झालं लग्न. दोन मिनिटं राहिली होती. नंबर तुमच्या मिसेसनी दिला, त्या आत साक्षीदार म्हणून सही करतायत, तेवढ्यात पटकन विचारते. ते कॉमेटचं... मी यांना सांगून बसलेय हो, मला फार आवडतो म्हणून. आता हे गाडीत विचारणार. काय ऐकू?”

बारक्याने तोंड उघडलं. पण दाजी आधी बोलले.

“दुसऱ्या अल्बमपासून सुरू करा. पहिला नको, त्यात ते चाचपडत होते. बाजू ब, गाणं तिसरं, ते आधी ऐका. मग बाजू अ पहिल्यापासून. गायक बदलला त्यानंतरचा एकच चांगला आहे, निळ्या कव्हरचा. आणि ड्रमरबद्दल चांगलं बोला, त्यांना बरं वाटेल.”

बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. 

“दाजी.”

“हं.”

“कधीपासून?”

“नांगर रंगवला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात रेडिओवर लागलं.”

“मग?”

“मग काय. रंग वाळला होता.”

बारक्याने कप्पा उघडून कॅसेट बाहेर काढली. लेबलावरची शाई पार फिकी पडली होती. “हार्बर आवडतो तरी का तुम्हाला?”

“छे. सोलो संपता संपत नाही.”

“आणि पंपावर पाऊण तास भांडत होतात!”

“भांडावं लागतं. तू घरी जाऊन सगळं तिला सांगतोस.” दाजींनी त्याच्या हातातून कॅसेट घेतली, शर्टाला पुसली आणि परत कप्प्यात ठेवली. “तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय ते, बारक्या. तिला वाटतं, मला माहीत नाही. तसंच वाटू दे. बोललास तर मी तुझा दाजी नाही.”

एका तासात दुसऱ्यांदा नातं पणाला लागलेल्या बारक्याने मान डोलावली. एवढी वर्षं दोन टोकांना दोघं होते. आता हे ओझं दोन्ही बाजूंनी त्यालाच धरायचं होतं.

“मग शनिवारी?” त्याने विचारलं.

“शनिवारी हार्बर. ती पण येतेय, मला आवडतो म्हणून.” दाजींनी ट्रक सुरू केला. “तू कॉमेटला जा, आणि नीट ऐकून ये. सोमवारी पियानो आहे, चौथा मजला. चढताना मला पहिल्यापासून सगळं सांग.”