चुरी सरांचा बाजारभाव

"सरकारने मजुरीच्या वाटेला जाऊच नये!" असं गरजून वामन चुरी सरांनी चहाचा कप असा आपटला की बशीतलं बिस्किट उडून थेट बायकोच्या, मंगलाबाईंच्या मांडीवर!

सर पालघरला बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरांची टंचाई? घरमालकांना मोकळं सोडा, खोल्या अळंब्यांसारख्या उगवतील! गरिबी? योजना बंद करा, माणसं आपोआप उभी राहतील! किमान वेतन? तो तर सरांच्या मते देशाला जडलेला दमा! निवृत्तीनंतर हे सगळं ऐकायला वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती, आणि तीही बहुतेक वेळा भाजी निवडत असायची.

या वर्षी मात्र सरांनी सिद्धांत चिखलात उतरवायचा ठरवला. कोळगावजवळची दीड एकर भातजमीन इतकी वर्षं चुलतभाऊ कसायचा. यंदा सरांनी ती स्वतःच्या हातात घेतली. नांगरणी झाली, रोपं टरारून वर आली. आता दोन दिवसांत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, व्हायला हवी होती. नाहीतर रोपं जून होऊन सगळं वाया!

"गावाने आवणीचा दर दिवसाला पाचशे ठरवलाय," मंगलाबाई म्हणाल्या. "तेवढे सांगा आणि बायका घेऊन या."

"गावाने ठरवलेला दर म्हणजे छोटं सरकारच की गं! मी नाक्यावर खुली बोली लावणार. साडेतीनशेत रांग लागेल, बघच तू!"

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सर नाक्यावर हजर! जुनी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, खांद्यावर प्लास्टिकचा कागद. डोंगरपाड्यांवरून कामाला आलेल्या वीस-बावीस बायका तिथे उभ्या होत्या. त्यांची पुढारी लाडकी, काटकुळी, पण आवाज एसटीच्या हॉर्नसारखा.

"बायांनो, गावाचा दर विसरा!" सरांनी व्याख्यान सुरू केलं. "ज्याला जेवढं परवडेल तेवढं तो बोलेल. तुम्हाला परवडेल त्याच्याकडे तुम्ही जा. कुणाची जबरदस्ती नाही!"

लाडकीने क्षणभर विचार केला. "म्हंजे जो जास्ती बोलंल त्याच्याकडं जायाचं?"

"शाब्बास! बत्तीस वर्षांत इतक्या पटकन कुणालाच समजलं नव्हतं!" सरांचा ऊर भरून आला.

"मंग बोला सर."

"साडेतीनशे!"

एकही बाई जागची हलली नाही. तेवढ्यात मागे थांबलेल्या जीपमधून बोईसरचा एक ठेकेदार ओरडला, "पाँच सौ! पॅकिंग का काम, खाना, चाय!"

"साडेपाचशे!" सरांना चेव चढला.

"सहाशे!" हा सफाळ्याचा प्रफुल्ल, टेम्पो घेऊन आलेला तरुण शेतकरी.

लाडकी दगडावर चढली आणि बंदरावर मासळीचा लिलाव करावा तशी हात नाचवू लागली. "सहाशे! कोण हाय वर? साडेसहाशे! आणखी कोण?" सातशेला सर बोलीतून बाहेर पडले. दहा मिनिटांत अर्ध्या बायका जीपमध्ये, अर्ध्या टेम्पोत आणि नाका साफ मोकळा!

तरी सर खूश. मागणी वाढली, भाव वाढला! सिद्धांत जसाच्या तसा खरा ठरला होता! फक्त तो खरा ठरवणाऱ्याच्या वाट्याला मजूर काही उरला नव्हता.

तेवढ्यात प्रफुल्लने टेम्पोतून डोकं काढलं. "ओ काका! एक माणूस कमी हाय. येता का?"

आपण मालक आहोत, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते, "भाव?"

"तोच. सातशे."

सरांच्या अंगावर रोमांच उठले! पगार सरकारने ठरवलेला, पेन्शन सरकारने ठरवलेली. आयुष्यात पहिल्यांदा खुल्या बाजाराने त्यांची किंमत केली होती! सर टेम्पोत चढले.

खाचरात मात्र बाजाराचं काही चालेना. सरांची ओळ नागासारखी वळवळत गेली. दोनदा ते चिखलात बसले, एकदा रोपं उलटी लावली! मागून लाडकी मुकाट्याने सगळं उपटून पुन्हा लावत होती.

संध्याकाळी प्रफुल्लने सरांच्या हातात साडेतीनशे ठेवले. "काका, तुमच्या कामाचा एवढाच भाव हाय."

"एवढेच? अरे, देशात कायदा आहे की नाही? सरकारने काही किमान दर ठरवलाय की नाही?"

बोलून गेले आणि सरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

मग लाडकी हसत पुढे आली. "शेठ, बोली सातशेची झाली. आमी एका भावात आलो, जाणार पण एकाच भावात. नायतर परत ह्या खाचरात कोण पाय ठेवणार नाय."

प्रफुल्लने खिशातून उरलेले साडेतीनशे काढले.

परतताना टेम्पोत सरांनी हळूच विचारलं, "लाडकीबाई, उद्या माझ्याकडे याल? सातशे."

"येऊ की."

घरी पोचल्यावर मंगलाबाईंनी आधी नवऱ्याला ओळखलंच नाही. ओळखल्यावर त्यांना दारातच उभं करून दोन बादल्या पाणी ओतलं. पण सरांची मान ताठच होती. कंबर मात्र अजिबात सरळ होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारा बायका वेळेवर आल्या. कालच्या अनुभवाने तरबेज झालेले सरही रोपांची जुडी घेऊन खाचरात उतरू लागले. लाडकीने हात आडवा धरला.

"सर, तुमी बांधावर बसा. उतरलात तर आमी आठशे घेऊ."

दुपार टळायच्या आत आख्खं शेत लागलं, ओळी सुतासारख्या सरळ! संध्याकाळी सर छाती काढून घरात शिरले.

"मंगला, आज मी एकट्याने बाराशे रुपये वाचवले!"

"ते कसे काय?"

"बसून!"