शाहिरांच्या सत्काराची रांग

पुंजाजी अमरावतीच्या सभागृहात पोचले तेव्हा पुढच्या सात रांगा भरल्या होत्या, आणि आठव्या रांगेत बसायला ते काही धामणगाव रेल्वे या गावाहून आले नव्हते. चाळीस वर्षं शाहीर देवमन त्यांना हुलकावणी देत होते. पहिल्यांदा पुंजाजी त्यांना ऐकायला निघाले तर एसटी बंद पडली, दुसऱ्यांदा पोलिसांनी कार्यक्रमच बंद पाडला, तिसऱ्यांदा नेमकं स्वतःचंच लग्न निघालं. आता शाहीर एक्याऐंशीचे झाले होते आणि हा आपला शेवटचा कार्यक्रम, असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

"बसा न इथंच. इथूनबी आयकू येते," बायको सुंदराबाई म्हणाल्या.

"आयकू तर मोबाइलवरबी येते. मले माणूस पाहाचा हाय," पुंजाजी म्हणाले. बायकोला आठव्या रांगेत बसवून ते थेट सूत्रसंचालक अनुपसमोर जाऊन उभे राहिले. "जय भीम. धामणगावतर्फे शाहिराचा सत्कार कराचा हाय."

"जय भीम काका. शाल आणली काय?"

"तुमच्याच ढिगातली द्या. भावना आमची राहीन."

एवढ्या आत्मविश्वासानं बोलणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार? अनुपनं त्यांना स्टेजवर खुर्ची दिली. ती नेमकी शाहिरांच्या मागे होती. चाळीस वर्षांनी शाहीर दिसले, पण पाठमोरे.

तरीही सारं निभावलं असतं. पण अनुपनं माइकवर "धामणगावकरांतर्फे सत्कार" म्हणताच तिसऱ्या रांगेतून चंद्रभान नावाचे अकोल्याचे गृहस्थ ताडकन उठले.

"धामणगावचा सत्कार अन् अकोल्याचा नाई? कावून? आमी काय रस्त्यावर पडलो काय?"

अकोल्याचं नाव लिहिलं, तेव्हा चिखलदरावाले उठले. धारणीवाले म्हणाले, आम्ही तर तीन गाड्या बदलून आलो. पाहता पाहता स्टेजच्या पायऱ्यांवर रांग लागली. प्रत्येक जण फक्त 'दोन शब्द' बोलणार होता, आणि ते दोन शब्द दहा मिनिटांच्या आत काही संपत नव्हते.

शाली चारच होत्या. त्या संपल्यावर अनुप पुंजाजींच्या कानाशी लागला. "काका, तुमी तर मांगंच बसले न? शाहिराच्या अंगावरची शाल हळूच काढून द्या."

मग पुंजाजी मागून शाल काढत, पुढचा पाहुणा तीच पुढून पांघरत असे. शाहिरांची खंजिरी केव्हाच पुष्पगुच्छांखाली गडप झाली होती. शाहीर नमस्कार करून करून पेंगायला लागले. साडेपाच वाजले. सहाला सभागृह रिकामं करायचं होतं, कारण पुढे कुणाचं तरी रिसेप्शन होतं. त्यांचे लोक सोफे घेऊन दारात येऊन उभेही राहिले. आठव्या रांगेतून सुंदराबाई अशा पाहत होत्या, की पुंजाजींनी नजर खाली घातली. आपल्याच हातानं आपण शाहीर घालवला, हे त्यांना लख्ख कळलं.

पण हातपाय गाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी भाषण करणाऱ्या चंद्रभानच्या हातून माइकच घेतला.

"शाली लय झाल्या! शाहिराचं गाणं शाहिराले वाहतो. हाच खरा सत्कार!"

त्यांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि जीव ओतून सुरुवात केली.

"कागदावरचा रस्ता साहेब, पायाले कावून दिसत नाई..."

हे गाणं ऐकून एका मंत्र्यानं म्हणे भर सभेतून पळ काढला होता. पुंजाजींच्या आवाजात ते ऐकून आज सभागृहही त्याच बेतात आलं. पुंजाजींनी मात्र आणखी वरचा सूर लावला.

शाहीर खाडकन जागे झाले. त्यांनी अंगावरची शाल भिरकावली.

"थांब! थांब रे बाप्पा! मंत्र्याले पळवाचं गाणं हाय हे, लेकराले झोपवाचं नोय! आन तो माइक इकडं!"

पुष्पगुच्छ उधळले, खंजिरी बाहेर आली. शाहीर वळले ते पुंजाजींकडे तोंड करून, आणि त्यांना शिकवायला म्हणून गायला लागले. आवाज खरखरीत होता, पण काय ताकद होती त्यात! पुंजाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एका हाताच्या अंतरावर शाहीर गात होते, तेही फक्त त्यांच्यासाठी. रांग आपोआप विरली. रिसेप्शनवाल्यांनी सोफे खाली ठेवले आणि त्यांवरच बसकण मारली. एका गाण्याची पाच झाली, तरी सात वाजेपर्यंत कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर अनुपनं पुंजाजींना मिठीच मारली. "काय डोकं लावलं काका! मुद्दाम बेसूर गाऊन शाहिराले उठोलं!"

"मीबी तेच म्हणून राहिलो," शाहिरांनी त्यांचा हात धरला. "इतकं वाईट कोणी खऱ्यानं गाऊच शकत नाई."

पुंजाजींचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी छाती पुढे काढली. "मंग काय! दुसरा इलाजच नोता."

तेवढ्यात सुंदराबाई स्टेजवर आल्या. शाहिरांनी हसून विचारलं, "बाई, घरी तरी बरं गाते न हा?"

पुंजाजींनी श्वास रोखला. सुंदराबाईंनी नवऱ्याच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"गाते न," त्या म्हणाल्या. "लय गोड गाते."