वेंकोबारावांचा घरगुती आवाज

कुंभकोणमला बदली होऊन आल्यावर तिसऱ्याच दिवशी, सकाळी सात वाजता, खालच्या मजल्यावरचे घरमालक वर आले. गळ्यात लाल गिटार, काखेत एक लोखंडी डबा. मी दात घासत होते. त्यांनी माझ्या मिक्सरची पिन काढली, डब्याची पिन खोचली, माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि गिटारची एक तार छेडली.

"आंबट लागतें का?"

तोंडात फेस असताना माणूस फार विचार करत नाही. मी म्हटलं, "थोडंसं."

"सांगट्लों न मी!" ते जिन्यावरून खाली ओरडले. "मिरजेच्या अहेत बाई. तंबोऱ्याच्या गांवच्या! त्यांस कळतें!"

त्या दिवसापासून मी मिरजबाई झाले. खरं सांगायचं तर मिरजेत आमचं किराण्याचं दुकान होतं आणि तंबोऱ्याशी आमचा संबंध एवढाच, की तंबोरे करणाऱ्यांच्या घरी साबण आमच्याकडून जायचा. मला सा आणि रे यांतला फरक कळत नाही. पण भाडं बेताचं होतं आणि घरात दिवसभर पाणी होतं, म्हणून मी हा गैरसमज तसाच राहू दिला.

वेंकोबाराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. पूर्वज तंजावरच्या मराठी राज्यात कसलेसे कारकून होते. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, अशी घराची वहिवाट. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एखादी बखर चपला घालून बाजाराला निघाल्यासारखी वाटली होती. माझं मराठी ऐकून सुंदरबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हसू आवरायचं नाही. "तुम्ही वर्तमानपत्र बोलट्यासारखें बोलतां," असं त्या म्हणायच्या. फिट्टंफाट झाली.

तर हा डबा. वेंकोबाराव तीस वर्षं लग्नसमारंभांतल्या वाद्यवृंदात गिटार वाजवत आले आहेत. पूर्वी गिटारच्या मागे पेटीएवढा अँप्लिफायर लागायचा. आता पायाशी ठेवायचा हा डबा निघालाय. त्याच्या पोटात जुन्यापुराण्या पन्नास अँप्लिफायरांची नक्कल आहे. कोणता अँप्लिफायर, खर्जाचं, मधल्या सुरांचं म्हणजे मिडलचं बटण किती फिरवायचं, घुमारा किती, हे सगळं एकदा जमवून ठेवलं की त्याला म्हणायचं प्रीसेट. पायानं कळ दाबली की तो आवाज हजर. ज्याला हा खटाटोप नको, त्याच्यासाठी इंटरनेटवर तयार प्रीसेट विकत मिळतात.

"तयार" हा शब्द वेंकोबारावांसमोर उच्चारायचा नाही. या घरात कॉफीचं बी आणून भाजतात, दंतमंजन कुटतात, सांबाराच्या मसाल्याला तर सुंदरबाईंनीही हात लावायचा नाही. चष्मा तेवढा ते विकत घेतात, तोही काड्या स्वतः वाकवून. विकतच्या प्रीसेटला ते "पाकिटांतलें रसम" म्हणतात.

"त्याची गिटार वेगळी, त्याचीं बोटें वेगळीं," ते मला समजावत. "दुसऱ्याचें जोडें घालून आपण काशाला लंगडायाचें?"

मग स्वतःचा आवाज करायला किती वेळ लागतो? तर एका प्रीसेटला अकरा महिने झाले होते आणि अजून "मुरायाचा" होता. रोज सकाळी एखादं बटण केसभर फिरायचं आणि त्याची नोंद वहीत व्हायची, तीही मोडी लिपीत. मोडी त्यांना आजोबांनी शिकवली होती. मी विचारलं, मोडीत कशासाठी? तर कोणी चोरू नये म्हणून. कुंभकोणममध्ये गिटारच्या बटणांच्या नोंदी चोरायला कोण टपलं होतं, ते मी विचारलं नाही.

त्यांच्या वाद्यवृंदाचा म्होरक्या सेल्वम. कीबोर्ड वाजवतो, स्वभावानं लोणी. त्यानं आणि मी मिळून त्यांच्या वाढदिवसाला कुणा परदेशी नामांकित वादकाचे वीस प्रीसेट विकत आणून दिले. वेंकोबारावांनी त्यातला एक दहा सेकंद ऐकला.

"हा थंड देशांतला मनुष्य," ते म्हणाले. "ह्याच्या घराच्या खिडक्या बंद अहेत."

उरलेले एकोणीस त्यांनी ऐकलेच नाहीत. सेल्वम माझ्याकडे बघून तमिळमध्ये एवढंच म्हणाला, की पुढच्या वर्षी धोतर देऊ.

अशा माणसाची गंमत वाटते, आणि मलाही वाटायची. पण त्या घरात एक जागा अशी होती की तिथे माझी थट्टा बंद पडायची.

त्यांची मुलगी तुळजा. पंधराव्या वर्षापासून बापाशेजारी उभी राहून दुसरी गिटार वाजवायची. जोडीच्या दोन लाल गिटारी एकाच दिवशी घेतलेल्या. चार वर्षांपूर्वी ती म्हणाली, मला स्टेजवर वाजवायचं नाही, चेन्नईला जाऊन ध्वनिमुद्रण शिकायचंय. त्यावर वेंकोबाराव बोलून गेले, "तुज कानच नाहीत. दुसऱ्यांचीं बटणें फिरवून काय करशील?" वाजवणाऱ्या मुलीला तुला कान नाहीत म्हणणं म्हणजे काय, ते माझ्यासारख्या बहिरीलाही कळतं. तुळजा गेली. गिटार घेऊन गेली. आता चेन्नईतल्या एका स्टुडिओत चांगल्या नोकरीवर आहे. दर रविवारी आईशी बोलते. बापलेकीत चार वर्षांत एक शब्द नाही.

हे मला सुंदरबाईंनी सांबाराचे कांदे सोलता सोलता सांगितलं. डोळ्यांतल्या पाण्याचा दोष कांद्यांवर गेला. रविवारी फोन वाजला की वेंकोबाराव हेडफोन काढून ठेवायचे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, कालच पुसलेल्या तारा पुन्हा पुसत बसायचे.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, एक फोन करायला काय होतं तुम्हाला?"

"करून काय सांगूं?" ते म्हणाले. "खोटें बोलूं काय लेकीसंगे?"

मला संताप आला. असल्या ताठ्याला काय म्हणावं! आठ दिवस मी त्यांच्या आंबट-तिखटाला उत्तर दिलं नाही.

मग आलं ते साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयातलं लग्न. नवरी सुंदरबाईंच्या नात्यातली, म्हणून आम्ही दोघी चार वाजताच हजर. वेंकोबारावांच्या जुन्या अँप्लिफायरनं आदल्याच महिन्यात प्राण सोडला होता. त्यामुळे डबा पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. स्वागतसमारंभाला दोन तास होते. रिकाम्या खुर्च्यांसमोर वेंकोबारावांनी अकरा महिने मुरवलेला आवाज लावला.

काय सांगू! मला सूर कळत नाही, पण चिखल कळतो. गिटार नव्हे, कोणीतरी हौदात तोंड घालून गुरगुरत होतं. हार लावणारा माणूस शिडीवरून वळून बघायला लागला.

सेल्वमनं कपाळ धरलं. चूक त्याला लगेच कळली. घरात आवाज नको, ही सुंदरबाईंची सक्त ताकीद. त्यामुळे अकरा महिने सगळं काम हेडफोनवर, हळू आवाजात झालेलं. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून माणूस तो वाढवत बसतो, आणि तोच आवाज सभागृहात मोठा केला की खर्ज सुजतो. जन्मभर स्टेजवर वाजवलेल्या माणसाला हे कळू नये? पण जन्मभर त्यांच्यामागे खरा अँप्लिफायर होता. असा डबा घेऊन ते स्टेजवर कधी उभे राहिले नव्हते.

वेंकोबाराव नुसते उभे होते. त्यांचा चेहरा बघवेना. सेल्वम खाली वाकून एकामागून एक प्रीसेट पुढे सरकवत गेला. सगळे त्याच चिखलातले. अगदी शेवटच्या कप्प्यात पोचला, तेव्हा वेंकोबाराव घाईनं म्हणाले, "तीं नको. तीं राहूं दे."

तोवर कळ दाबली गेली होती. सवयीनं त्यांचं बोट तारेवर पडलं.

आणि गिटार वाजली. स्वच्छ, मोकळी, शेवटच्या खुर्चीपर्यंत. माझ्या अंगावर काटा आला आणि मी ते कुणाच्या सांगण्यावरून म्हणत नाहीये. सेल्वमनं पुढची कळ दाबली. तोही तसाच. त्याच्या पुढचाही.

मी वाकून डब्याच्या पडद्यावरची नावं वाचली. तिरुनागेश्वरम्. साक्कोट्टै. इन्नंबूर.

"हे कोणी केले?" मी विचारलं.

"विकत घेतले," वेंकोबाराव जमिनीकडे बघत म्हणाले.

सुंदरबाई खुर्चीवरून उठल्या. "मी सांगतें. तुळजा करते. वर्ष झालें, इंटरनेटावर दुकान मांडलें तिनें. जेथें जेथें बापासंगे वाजवायास गेली होती त्या त्या गांवाचें नांव देते. आणि हे अस्के, येकूण येक, विकत घेतात! तिचें दुकान उघडलें त्याच आठवड्यांत हा डबा आणट्ले. मज वाटलें, मज ठाऊक नाही असें समजतात, समजूं दे."

"मग इतके दिवस..." मी म्हटलं.

"कानास लावून ऐकट्लों," वेंकोबाराव म्हणाले. "येकूण येक. बारीक लागत होते. जीवच नाही त्यांत, असें वाटलें. मज वाटलें, पोरीस खरेंच कान नाहीत. मग फोन करून काय सांगूं? बरें अहे म्हणूं? आवाजाविषयीं मी खोटें कसें बोलूं, मिरजबाई?"

ज्याला मी इतके दिवस ताठा म्हणत होते तो हा होता. हेडफोनवर यांचं सुजलेलं काम गोड लागत होतं आणि तिचं बरोबर काम बारीक. तिनं ते सभागृहासाठी केलं होतं, जोडीच्या गिटारीवर, बापाला ज्या स्टेजांवर पाहिलं ती आठवून. मला माझीच लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. पोरीला कान होते. आता या माणसाला खरं बोलून फोन करता येणार होता.

मी माझा फोन पुढे केला. नंबर त्यांना पाठ होता. फोन स्पीकरवर आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"तुळजे," ते म्हणाले. चार वर्षांनी. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "इन्नंबूरांत मिडल जरा जास्ती अहे."



"अप्पा," पलीकडून ती म्हणाली. "कुंभकोणमचें माझें येकच गिऱ्हाईक. दर वेळीं मी वाट बघत होतें, आतां तरी कांहीं सांगाल. मज वाटलें, येकही आवडलें नाही."

"बाकी अस्के बरोबर अहेत," वेंकोबाराव म्हणाले. "माझे चुकट्ले. तुझे बरोबर अहेत." मग फोन तोंडाजवळ धरून, "तुज कान अहेत, तुळजे. मी चुकून बोलट्लों."

सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. इथे कांदे नव्हते. पलीकडे तुळजा रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही.

"इन्नंबूरांतला मिडल कमी करून आजच पाठवतें," नाक ओढत ती म्हणाली.

"पाठवूं नको," वेंकोबाराव म्हणाले. "येऊन कर."

त्या संध्याकाळी अडीच तास त्यांनी इन्नंबूरवर वाजवलं. मिडलचं बटण पायाशीच होतं, वाकून केसभर फिरवलं असतं की काम झालं असतं. सेल्वमनं दोनदा सुचवलंही. त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं तुळजा आली.