दाराखालचा हिरवा उजेड

मार्गदर्शकांची खुर्ची आजही रिकामी होती, पण हळूहळू फिरत होती.

ती दारातच थबकली. टेबलावर कपातून वाफ येत होती, शेजारी चष्मा उघडा होता आणि वाचता वाचता कुणी उठून जावं तसं पुस्तक पालथं पडलं होतं. सगळं होतं, माणूस तेवढा नव्हता. पडदे नेहमीसारखे ओढलेले. समोरच्या भिंतीत आतल्या अंधारखोलीचं बंद दार, आणि दाराखालून फरशीवर आलेली हिरवट उजेडाची पट्टी. आत सरांच्या चमकणाऱ्या बुरशीच्या बरण्या आहेत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तीही बुरशीवरच काम करत होती. तरीही अंगावर काटा यायचा तो यायचाच.

संस्थेचा नियम असा होता, की नव्याने आलेल्या प्रत्येक संशोधकाला एक जुना जाणता मार्गदर्शक जोडून द्यायचा. त्याने अडलं-नडलं पाहायचं, पुढची वाट दाखवायची, आणि मुदत संपली की कायम नोकरीच्या मुलाखतीत समितीसमोर त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे. मार्गदर्शक बोलला नाही, तर उमेदवाराने मुकाट्याने सामान बांधायचं. तिची मुदत संपत आली होती. तिच्या ऊब देणाऱ्या पेटीतली बुरशी चार दिवस चमकून माना टाकत होती, आणि ज्यांनी वाट दाखवायची त्यांचं तिने अजून तोंडही पाहिलं नव्हतं.

"आत्ताच तर होते," कचेरीतल्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं असं नाही. चहा ठेवून येते, कप रिकामा मिळतो."

शेवटचं कधी पाहिलं होतं, असं तिने विचारल्यावर बाईंनी खूप आठवून पाहिलं. मग त्या हळू आवाजात दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या.

घरी आईने हे ऐकलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. "वारले नसतील ना गं ते? मोठ्या कचेऱ्यांत लवकर कळत नाही."

आईच्या बोलण्यावर ती हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकण्याआधी तिने देवाचं नाव घेतलं. खुर्ची फिरत होती. चहा वाफाळत होता. आता कुणाशी तरी बोलले नाही तर वेड लागेल, असं वाटून ती त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली आणि आपलं रडगाणं सांगू लागली. शेवटी म्हणाली, "पेटीतली ऊब वाढवून बघू का, सर?"

फरशीवरची हिरवी पट्टी विझली.

तिने बंद दाराकडे वळून पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग कमी करू?"

पट्टी सावकाश पुन्हा उजळली.

दुसरं कुणी असतं तर उठून दार उघडलं असतं. पण या संस्थेत अंधारखोलीचं दार उघडणं म्हणजे घोर पाप. उजेडाची एक तिरीप आत गेली, की बुरशीची चमक मोजण्याचं महिन्यांचं काम मातीत जातं. भूत परवडलं, पण ते नको. तिने हात जोडले आणि मागच्या पावली बाहेर आली.

ऊब कमी केली आणि बुरशी जगली. नुसती जगली नाही, चांगली तरारली. मग तिला चटकच लागली. औषधाच्या कारखान्यात नोकरी मिळते आहे, जाऊ का? पट्टी विझली; ती गेली नाही. जुनी पद्धत सोडून नवी धरू का? पट्टी तशीच तेवत राहिली. तिने नवी धरली आणि काम मार्गी लागलं. हे सगळं तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला, कुणाला सांगू नकोस असं बजावून सांगितलं. साहजिकच आठवड्याभरात संस्थेतली सगळी तरुण पोरं एकेकटी, चोरपावलांनी त्या खोलीत जाऊ लागली. एकाने परदेशी जाऊ का विचारलं. एकीने लग्नाचं विचारलं. भांडारप्रमुखांचं वय तरुण म्हणण्यासारखं नव्हतं, पण तेही निवृत्तीचं विचारून आले. बाहेर आलेला प्रत्येकजण पांढराफटक पडलेला असायचा आणि आत काय झालं ते कुणी कुणाला सांगत नसे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती पुन्हा त्या खोलीत गेली. आता विचारायचं एकच उरलं होतं. भूत समितीसमोर येऊन बसेल का, हा प्रश्न तिला रात्रंदिवस पोखरत होता.

"उद्या याल ना, सर? तुम्ही बोलला नाहीत तर माझं सगळं संपलं."

पट्टी विझली. तिने वाट पाहिली. पट्टी उजळेना. एवढी वर्षं, एवढा जीव ओतलेला, आणि आता हा अंधार. तिला रडू कोसळलं. तेवढ्यात दाराच्या आत कुणीतरी दणकून शिंकलं.

भुतं शिंकत नाहीत, एवढं विज्ञान तिला येत होतं. तिने दार उघडलं.

बरण्यांच्या हिरव्या उजेडात एक म्हातारा गृहस्थ दाराला चिकटून, खालच्या फटीपाशी टेकलेल्या एकाच पायावर उभा होता. त्याचा चेहरा हिरवा, केस हिरवे, आणि डोळ्यांत तिच्याहूनही जास्त भीती.

"आधी दार लावा," तो म्हणाला.

तिने आत येऊन निमूटपणे दार लावलं. काम ते काम.

"तुम्ही मला पायांनी उत्तरं देत होता?"

"कसली उत्तरं?" सर कळवळून म्हणाले. "माझ्या पिंढरीत गोळा येतो हो. उभ्याउभ्या पाय बदलावा लागतो. त्यात हल्ली ही गर्दी."

कारखान्याची नोकरी तिने एका पिंढरीच्या सांगण्यावरून नाकारली होती.

मग सरांनी सगळं सांगितलं. फार पूर्वी त्यांनी एका होतकरू मुलाला मनापासून सल्ला दिला होता, की संशोधन तुझ्या हातचं नाही, दुसरं काही बघ.

"मग? वाया गेला तो?"

"आपले संचालक तेच. माझ्या सल्ल्याने आयुष्य बदललं म्हणतात. आभार म्हणून त्यांनीच मला मार्गदर्शक नेमलं." सरांनी कपाळ पुसलं. "त्यांनी इथे घातलेला गोंधळ रोज बघतो मी. तेव्हापासून कुणाला सल्ला द्यायचा म्हटलं की हातपाय गळतात. पावलं वाजली की मी आत. पण तुमचं बोलणं मात्र सगळं ऐकलं. प्रश्न विचारताना उत्तर तुम्हाला माहीत असायचं."

दुसऱ्या दिवशी सर आले. समितीसमोर ते थरथरत उभे राहिले आणि म्हणाले, "मी यांच्यासाठी काहीही केलेलं नाही. मी फक्त ऐकलं." समितीला तो मोठ्या माणसाचा विनय वाटला. संचालकांनी तर डोळे टिपले. तिला नोकरी मिळाली, बसायला सरांच्याच खोलीत दुसरं टेबल मिळालं, आणि नियमाप्रमाणे एक नवा मुलगा मार्गदर्शनासाठी जोडून मिळाला.

तो यायचा त्या दिवशी तिने पाण्याचा पेला भरून ठेवला, चार धीराच्या गोष्टी मनाशी घोकल्या. मग बाहेर पावलं वाजली. या मुलाचं अख्खं आयुष्य आता आपल्या एका वाक्यावर, हे मनात आलं मात्र, आणि तिची पाचावर धारण बसली. खुर्ची गर्रकन फिरली.

"सरका जरा, सर," ती अंधारात कुजबुजली.

बाहेर कुणीतरी घाबरत खुर्चीवर बसलं. मग रडवेला आवाज आला, "इथे विचारलं की उत्तर मिळतं म्हणतात. मला काहीच जमत नाहीये. सोडून देऊ का मी हे सगळं?"

त्या दोघांच्या पायांपाशी दाराखालची फट मोकळी होती, आणि हिरवा उजेड बिनदिक्कत बाहेर चालला होता.

दोघांनीही एकदमच पाय पुढे केला. तिच्या चपलेखाली सरांचा अंगठा पुरता चेंगरला, पण सरांनी हूं की चूं केलं नाही.

बाहेरून एक लांब सुस्कारा ऐकू आला. "बरं," तो मुलगा म्हणाला. "मग उद्या पुन्हा करून बघतो."