आवळीच्या टेकडीवर लोकरी लष्कराची स्वारी

“दिवाळी झाली का स्वेटर घालाचा म्हंजे घालाचा, मंग बाहेर वणवा का पेटेना!” ऐसे आजी सत्यभामाबाईसाहेब गरजल्या, आणि मी म्हणालो, “आजी, घरात पंखा चालू हाय, पंखा!” आणि त्या म्हणाल्या, “मंग पंखा बंद कर,” आणि माझे टाळके सटकले, आणि हातातली पूजेची पिशवी मी भिंतीवर भिरकावली, आणि तेथूनच सकळ अनर्थास आरंभ जाहला.

आता मुळापासून सांगतो, चित्त देऊन ऐकावे. कार्तिक शुद्ध पक्षी, आदितवारी, मौजे देऊळघाट येथील आमचे घराणे गावामागच्या टेकडीवर आवळीभोजनास चढले, त्याची ही खरी हकीकत. आवळीच्या झाडाले सुताचे एकशे आठ फेरे गुंडाळावे आणि मग तिच्याच सावलीत जेवावे, ही आमच्या घरची वहिवाट. सूत नाही तर फेरे नाहीत, आणि फेरे नाहीत तर भाकरीचा तुकडाही नाही. लिहिणार मी, हरिओम, वय वर्षे सतरा, दहावीच्या दरबारातून आपखुशीने बाहेर पडलेला, आणि या स्वारीचा सरलष्कर, कारण त्या टेकडीची एकूण एक पायवाट माझ्या पायाखालची.

तीर्थरूप महादेवराव, मेथी-कोथिंबिरीच्या मुलखाचे धनी, यांनी आदले दिवशी फर्मान काढले होते, की हरिओमाने लष्कर वर न्यावे, फेरे यथासांग करवावे आणि सर्वांस धडधाकट खाली आणावे. हे साधले तर शाळेचे नाव या घरात पुन्हा निघणार नाही. न साधले तर सोमवारी सतरा नंबरचा फारम भरावा आणि बाहेरून दहावीस बसावे. आणि फारम नुसता बोलण्यातला नव्हे, दोन कागदांवर छापून आणून देवाच्या फोटोमागे खोचलेला, आणि मी पाणी प्यायले उठलो का त्याचा एक कोपरा माझ्याकडे पाहे.

त्यावर आजीसाहेबांचे दुसरे फर्मान. प्रत्येकाने स्वेटर, कानटोपी, मफलर आणि पायमोजे चढवावे, आणि वाटेत जो स्वेटर उतरवील त्याचे शेजारी आपण बसकण मारू, आणि मग चार बैल जुंपले तरी उठणार नाही. मातोश्री बीबी गावी माहेरी गेलेल्या, त्यामुळे तहाची बोलणी कोणी करावी? मग चुलत बहीण डिंपल हिने मोबाईल पुढे करून अर्ज केला, “आजी, पाहा ना, तीस डिग्री हाय!” त्यावर हुजुरांचा निकाल, “त्या फोनले थंडी वाजते काय? त्याले काय समजते!”

मग लष्कर कूच जाहले. आघाडीस मी, मध्ये आजीसाहेब, वय वर्षे बाहत्तर, काठी टेकीत, त्यांचे मागे तीर्थरूप, डिंपल, आणि पिछाडीस भाकरीचे गाठोडे डोईवर घेतलेले कडूबाकाका, ज्यांचा देह मुळातच भरगच्च, त्यावर स्वेटर नवा, आणि माकडटोपीतून दोन डोळे आणि घामाची एक धार तेवढी बाहेर. गावाबाहेर वच्छलाबाई कापूस वेचत होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय हो कडूबाभाऊ, तोंडं बांधून कोनाच्या घरी डाका टाकाले चालले?” काकांनी टोपीतून काही उत्तर केले, ते टोपीतच राहिले.

पहिल्या चढास सूर्य माथ्यावर नव्हता, तरी आम्ही पाचही जण उकडलेल्या शेंगांसारखे वाफाळलो. इतक्यात मी मागे पाहिले, तो काकांचा हात पहिल्या गुंडीवर! मी धावत खाली उतरलो आणि कानाशी म्हणालो, “काका, आजी बसली तं माही दहावी लागते. हात खाली घ्या.” काका कळवळून म्हणाले, “अबे, तुही दहावी लागते, पन माहा तेरावा लागून राह्यला ना!”

तेव्हा मसलत लढविली. सरळ वाट सोडून लष्कर डावीकडे नाल्यात उतरविले, जेथे पावसाळ्याचे पाणी अद्याप झुळझुळत होते, आणि सर्वांचे मफलर पाण्यात बुडवून, न पिळता, गळ्यांत घातले. काकांनी ऐसा सुस्कारा टाकला की वरच्या झाडावरचे होले उडाले. आजीसाहेबांनी हात लावून पाहिले आणि हुकूम जाहला, “मफलर गळ्यात हाय ना? मंग ओला का असेना.” आणि आपलाही मफलर बुडवावयास दिला. मग लष्कर ऐसे सरसर चढले, की आवळीखाली पोहोचलो तेव्हा डिंपल गाणे म्हणत होती.

मग आजीसाहेबांनी पूजेची पिशवी उघडली. हळद निघाली, कुंकू निघाले, दिवा निघाला. सुताची गुंडी निघाली नाही.

पिशवी उलटी केली, झटकली, पुन्हा झटकली. आणि मले आठवले. सकाळी पिशवी भिंतीवर आदळली तेव्हा काही पांढरे घरंगळत पलंगाखाली गेले होते. मी ते डोळ्यांनी पाहिले होते, पण रागात वाकतो कोण? घरी जाऊन परत येणे म्हणजे दिवस कलता, आणि दुसरे दिवशी आजीसाहेबांनी पुन्हा टेकडी चढणे अशक्य. तीर्थरूपांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एकच शब्द बोलले, “सोमवार.”

मले रडू आले नाही, घाम होता तो.

आजीसाहेबांनी आवळीकडे पाहिले, मग मजकडे पाहिले, मग म्हणाल्या, “इकडे ये बे.” गेलो. त्यांनी माझ्या स्वेटराची किनार उलटवली, “हा म्या गळ्यापासून खाली इणला, शेवटची गाठ कमरेलेच हाय,” ऐसे म्हणून नखाने गाठ सोडली आणि लोकर सर्रकन सुटली.

डिंपल म्हणाली, “आजी, सूत पाह्यजे ना? लोकर चालते काय?”

“काऊन? आवळीले थंडी नाही वाजत?”

हे ऐकताच कडूबाकाका गाठोडे टाकून हात जोडते जाहले, “माय, माहा घे ना! नवा हाय, लंबा हाय, अख्खा घे!”

“पिशवी कोनं फेकली?” आजीसाहेबांनी पुसले.

मग मी हात वर करून उभा राहिलो, आणि डिंपल टोक धरून आवळीभोवती धावू लागली, आणि ती फिरे तशी माझी लोकर उसवे, आणि लोकर अडू नये म्हणून मी जागीच गरगर फिरू लागलो, आणि तिसाव्या फेऱ्यास कंबर गेली, साठाव्यास बेंबी उघडी पडली आणि तिजवर वारा लागला, आणि काय सांगावे महाराजा, तो वारा! काका माझ्या पोटाकडे हेव्याने पाहत फेरे मोजत होते, म्हणून दोनदा चुकले, मग तीर्थरूप स्वतः मोजू लागले, आणि नव्वदावर त्यांना ऐसे हसू फुटले, की एक्याण्णव कोणी म्हटलाच नाही. आजीसाहेबांनी तो फेरा पुन्हा घ्यायला लावला.

एकशे आठ भरले. आवळी लालभडक लोकरीत बुंध्यापासून गुंडाळली, आणि माझ्या अंगी गळा, दोन बाह्या आणि छातीपुरता पट्टा एवढेच राज्य उरले.

आजीसाहेब तीर्थरूपांकडे वळल्या, “फेरे झाले. स्वेटर कोनाचा उतरला काय? ह्याचाही अंगातच हाय. आता बोल.” तीर्थरूपांनी मान डोलवली आणि ठेच्याचा डबा उघडला. मग भाकरी, वांग्याची भाजी, हिरवे आवळे मिठासंगे, आणि उतरणीला कोणाचा पायही मुरगळला नाही.

येणेप्रमाणे आवळीची टेकडी फत्ते जाहली, सतरा नंबरचा फारम तहात रद्द जाहला, आणि तीर्थरूपांनी तो आपल्या हाताने मले बक्षीस दिला. त्याच फारमाच्या पाठकोऱ्या बाजूवर, अर्धा स्वेटर अंगात ठेवून, ही बखर लिहिली. दोन्ही कागद भरले. हे दस्तूर हरि

थांबा, डिंपल मागून वाचून राह्यली. ओरडून राह्यली, “महादेवकाका! पाहा हो, हऱ्यानं दोन पानं लिव्हले! याले म्हनं लिव्हाचा कंटाळा! अन् फारमाची पुढची बाजू कोरीच हाय अजून!”

बा उठले. चष्मा पुसून राह्यले. मले जावं लागते आता.