सोळा तासांची मावशी

रकाना कोरा सोडणाऱ्या माणसाचा मला मनस्वी तिटकारा आहे. दाखले विभागात मुख्य लिपिक म्हणून मी एकतीस वर्षं काढली आहेत, आणि त्या काळात अपुरा भरलेला एकही अर्ज माझ्या टेबलावरून पुढे सरकला नाही. ज्याला काही लिहायचं नाही त्याने 'लागू नाही' लिहावं, पण जागा मोकळी सोडू नये. हे आधीच सांगतो, कारण आमच्या परदेश प्रवासाचा जो काही विचका झाला तो माझ्या या सवयीमुळे झाला, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. माझ्या मते प्रवास नियमानुसार पार पडला.

हिला समुद्र बघायचा होता. लग्न झालं त्याच वर्षी मी तिला तसा शब्द दिला होता. शब्द देताना मुदत ठरली नव्हती, त्यामुळे तो मोडला असं कुणी म्हणू शकत नाही. शेजारचा देश बसच्या पल्ल्यात होता. देश एवढासा, की नकाशात त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नाही, बाजूच्या समुद्रात छापावं लागतं. हवा दमट, झाडं हिरवीगार, भाषा आमच्या भाषेच्या इतकी जवळची की भांडताना अडचण पडू नये. चार दिवस पुरे होते. अडचण एकच होती, त्या देशात पर्यटकाला रोजचं शुल्क भरावं लागतं. नातेवाइकाला भेटायला येणाऱ्याला मात्र ते पूर्ण माफ असतं.

त्या देशात माझा नातेवाईक नव्हता. पण ज्याच्या घराची मागची खोली आम्ही सर्वांत स्वस्त म्हणून ठरवली होती, तो पंखे दुरुस्त करणारा माणूस फोनवर समंजस वाटला.

"तुम्ही माझे मावसभाऊ व्हाल का?" मी विचारलं.

"झालो तर मला काय द्यावं लागेल?"

"काही नाही."

"मग होतो की," पंखेवाला म्हणाला. "माझी आईही आहे घरात. ब्याऐंशी वर्षांची. लागली तर तीही घ्या."

मी तीही घेतली. अर्जात 'वृद्ध नातेवाईक, असल्यास' असा पुरवणी भाग होता. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. मी सगळा भरला. नातं, मावशी. प्रकृती, गुडघे दुखतात आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी तिला पाहिलं नव्हतं, पण त्या वयात काहीतरी गेलेलं असतंच, आणि नुसतं 'बरी' लिहिणं मला अपुरं वाटलं. रकाना क्रमांक नऊ होता, शेवटची भेट कधी झाली? तिथे मी चार वर्षांपूर्वीची एक तारीख घातली आणि उरलेल्या ओळीत लिहिलं, 'तेव्हापासून तिला माझी फार ओढ लागून राहिली आहे.' हिने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

सीमेवरच्या कार्यालयात तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींच्या मागे एकच अधिकारी होता. एका खिडकीचं काम झालं की तो टोपी बदलून दुसऱ्या खिडकीत जाऊन बसे, आणि आम्हाला पुन्हा रांगेत उभं राहावं लागे. रांगेत आम्ही दोघंच होतो. मला हे कार्यालय पाहताक्षणी आवडलं.

"फार बारकाईने अर्ज भरलाय तुम्ही," तो तिसऱ्या टोपीत म्हणाला. "पुरवणी भाग भरणारे तुम्ही पहिलेच."

मी विनयाने मान झुकवली.

"तो भरला की सहवास नियम लागू होतो. लोक नातेवाइकाच्या नावाने येतात आणि मजा मारून जातात. म्हणून वृद्ध नातेवाइकाजवळ सोळा तास बसायचं. सकाळी दहा ते सहा, मधला एक तास जेवणाचा. रोज संध्याकाळी मी येऊन त्यांचा अंगठा घेतो. एक तास जरी कमी पडला तरी सगळ्या दिवसांचं शुल्क दुप्पट."

"आणि समुद्र?" हिने विचारलं.

"किनारा पर्यटकांसाठी आहे, बाई. तुम्ही नातेवाईक आहात. तिथे पर्यटकांना सोडतात, नाहीतर रहिवाशांना, आणि रहिवासी वृद्ध असेल तर आधाराला एका माणसाला."

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशी सात तास, तिसऱ्या दिवशी सात, चौथ्या दिवशी दहा ते बारा. एक वाजता परतीची बस. गणित इतकं चोख बसलं की मला समाधान वाटलं. हिने विचारलं, "यात आपण समुद्र कधी बघणार?" ती रागावली होती हे मला कळलं, पण शुल्क वाचल्याच्या आनंदात मी ते मनावर घेतलं नाही.

पंखेवाल्याच्या घराच्या पुढच्या खोलीत खोललेले पंखे पडलेले असत. आतल्या खोलीत, खिडकीशी, मावशी. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. तो चार मिनिटांवर होता आणि मावशीने तो सहा वर्षांत पाहिला नव्हता, कारण पंखेवाल्याला वेळ नव्हता. उकाड्याचा देश, पंखे बिघडायचे थांबत नाहीत.

"हा कोण?" तिने मला पाहून विचारलं.

"तुझा भाचा," पंखेवाला म्हणाला आणि कामाला लागला.

मी खुर्ची ओढून बसलो. घड्याळ समोर ठेवलं. सोबत आणलेलं वर्तमानपत्र काढलं आणि सात तासांत ते जाहिरातींसकट वाचून संपवलं. मधे मावशीने तीनदा काहीतरी विचारलं, मी तीनदा 'हो' म्हटलं. ही मात्र मावशीचे केस विंचरत बसली होती, आणि दोघी कशावर तरी एवढ्या हसत होत्या की मला एक बातमी दोनदा वाचावी लागली.

संध्याकाळी अधिकारी आला. त्याने मावशीच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्याने विचारलं, "भाचा बसला होता का?"

"ओरडतोस कशाला? माझे दोन्ही कान शाबूत आहेत."

"कागदावर डावा गेलाय, मावशी. दुरुस्तीचा अर्ज केला तर सात दिवस लागतात. तोवर उजव्याने ऐका."

मावशीने माझ्याकडे बघितलं. "बसला होता. पण आला नव्हता."

"नियमात बसणं एवढंच आहे," मी म्हणालो. अधिकाऱ्याने नियम उघडून पाहिला, माझं बरोबर निघालं, आणि मावशीने अंगठा दिला.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र नव्हतं. मावशीने मला धरलं.

"तुला खरी मावशी आहे का रे?"

"आहे."

"कुठे असते?"

"आमच्याकडून बसने दोन तासांवर. मी शाळेत असताना तीन वर्षं तिच्याकडेच होतो."

"मग शेवटचा कधी गेलास तिच्याकडे?"

"बघून सांगावं लागेल," मी म्हणालो.

"बसभाडं वाढलंय," ही केस विंचरता विंचरता म्हणाली. "दोघांचं जाऊन येऊन फार होतं म्हणतात हे."

मला थोडी लाज वाटली, हे कबूल करतो. पण लाज वाटल्याचा वेळही सहवासात धरला गेला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चौदा तास पूर्ण झाले.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मी खुर्ची ओढली, तर समोर मावशी नाही. पंखेवाला म्हणाला, "दोघी समुद्रावर गेल्या. वहिनींनी धरून नेलं आईला."

मी धावत किनाऱ्याच्या फाटकाशी गेलो. आधाराला एकच माणूस सोडत होते, आणि तो माणूस ही होती. फाटकाच्या पट्ट्यांमधून मला दोघी दिसल्या. पाण्याच्या कडेला मावशीला खुर्चीवर बसवलं होतं. ही शेजारी उभी होती, साडी वर खोचलेली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. मावशी काहीतरी सांगत होती आणि ही लहान मुलीसारखी हसत हसत लाटा मोजत होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आत जावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. माझे शेवटचे दोन तास पाण्यात चालले होते.

मी तसाच सीमेवरच्या कार्यालयात गेलो, एवढ्याशा देशात तेही चालत जाण्याजोगं होतं, आणि लेखी विचारणा केली, की फाटकाशी उभं राहून नजरेच्या टप्प्यात असणं सहवासात धरलं जाईल का? अधिकाऱ्याने टोपी बदलली आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी फाटकापर्यंत आला.

"बोललेलं ऐकू जाईल इतकं अंतर चालतं," तो म्हणाला. "मारा हाक."

मी हाक मारली. मावशीने मान वळवून हात हलवला.

"ऐकलं," मी म्हणालो.

अधिकाऱ्याने बराच वेळ तिकडे निरखून पाहिलं. "फाटकाकडे त्यांचा डावा कान आहे," तो खेदाने म्हणाला. "त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. तुम्हीच लिहिलंय."

मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. मी चारही दिवसांचं, दोघांचं, दुप्पट शुल्क भरलं. त्याने पावती दिली आणि हात पुढे केला.

"अभिनंदन. आता तुम्ही रीतसर पर्यटक झालात. किनारा तुम्हाला मोकळा आहे."

पाऊण वाजला होता. बस एक वाजता होती.

निघताना मावशीने हिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मग तिने माझ्याकडे अंगठा पुढे केला. "कागद असेल तर आण," म्हणाली, "देऊन टाकते." आता त्याचा उपयोग नव्हता, तरी मी तो घेतला.

परत आल्यावर कार्यालयात सगळ्यांनी विचारलं, समुद्र कसा होता. मी छान म्हणालो. नातेवाईक सवलतीची बातमी पसरली आणि पुरवणी भाग न भरण्याच्या अटीवर आजवर सदतीस जणांनी माझ्याकडून अर्जाचा नमुना नेला आहे. पंखेवाल्याचा पत्ताही नेला. त्याला आता बरेच मावसभाऊ झाले असतील.

पहिल्याच रविवारी सकाळी ही पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "तुमच्या मावशीकडे चालले," म्हणाली. मी म्हटलं, थांब, दोघं जाऊ, पुढच्या महिन्यात. ती म्हणाली, "एवढं सांगा, त्यांना कुठल्या कानाने कमी ऐकू येतं? म्हणजे त्या बाजूला बसायला नको." मला सांगता आलं नाही. तिने एकाच माणसाचं तिकीट काढलं.

ती गेल्यावर उरलेल्या नमुन्यांतला एक मी टेबलावर घेतला. वृद्ध नातेवाइकाच्या जागी खऱ्या मावशीचं नाव लिहिलं. वय अंदाजे लिहिलं. प्रकृतीपाशी पेन बराच वेळ धरलं आणि पुढे गेलो. रकाना क्रमांक नऊ अजून कोरा आहे. तिथे 'लागू नाही' लिहिता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

अडतिसावा नमुना तुमच्यासाठी बाजूला ठेवला आहे. पुरवणी भागासकट भरून बघा. फक्त पेन्सिलीने भरा.